सगळ्यांच्या मापाची पेटी

दि. १४ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या भावजयीचा गुडघा थंडी पडली की कुरकुर करतो, आणि गुडघा गप्प असला की ती करते. कारखान्यात उंदरांनी ठाण मांडलं होतं, त्यांचा बंदोबस्त केला. तुझी तब्येत कशी आहे? जग तुला सिस्टर म्हणायला लागलं त्याच्या कितीतरी आधीपासून मी तुला घाबरतो, तेव्हा उत्तराला उशीर का झाला हे विचारू नकोस.

तू लिहिलंस, "आता शवपेट्यांचं काम थांबलं, तर दिवसभर करतोस काय?" सांगतो. पण आधी या हातांनी काय काय झालं ते एकदा ओळीनं लिहू दे. आपल्या घराची सगळी दारं. स्वयंपाकघरातली मांडणी, जिचा भिंतीकडचा पाय ओलीनं दोनदा कुजला आणि दोनदा मी बदलला. आईचा पलंग. आईची काठी, तिच्या तळव्याचा मेणात ठसा घेऊन मूठ कोरली होती, दुसऱ्या कुणाच्या हातात ती काठी नीट बसत नाही. तू मठात जाताना नेलेली ट्रंक, जिच्या कोपऱ्यांना एकही खिळा नाही. ती अजून उघडताना आवाज करत नसेल. करत असेल तर तिकडची हवा दमट आहे, ट्रंकेचा दोष नाही. चर्चमधले मागचे बाक. पुढचे शहरातून आले, ते डुलतात. गाण्यांचे क्रमांक लावायचा फलक. बाबांची शवपेटी. त्यानंतर या वस्तीत जे जे गेले त्यांतल्या बहुतेकांच्या शवपेट्या.

हे मला कुणी शिकवलं नाही, हे तुला ठाऊक आहे. चौथीत शाळा सुटली, मग शेजाऱ्यानं फेकून दिलेली खुर्ची खोलली, पुन्हा जोडली, पुन्हा खोलली. गुरू म्हणशील तर ती खुर्ची. पण एक गोष्ट मी आपली आपण शिकलो आणि ती शहरातल्या एकाही पेटीवाल्याला येत नाही. माणूस पेटीत हलता कामा नये. मी माप घेताना दोन्ही खांद्यांना चार चार बोटं जागा सोडायचो आणि तिथं रंध्याच्या सालपटांच्या कापडी पिशव्या ठेवायचो, एक मानेखाली, एक पावलांशी. खांदेकरी अडखळो, पायरी चुको, आतला माणूस झोपेतल्यासारखा राहायचा. कुणाला हे दिसायचं नाही. दिसावं म्हणून करतही नव्हतो.

या यादीत दोन वस्तू मी लिहिल्या नाहीत. एक आईची पेटी, दुसरी चर्चची. तुझे दोन प्रश्न नेमके त्या दोहोंबद्दल आहेत. "आई शेवटी कशी गेली, सगळं सविस्तर लिही," हा एक. आणि "फादर लिहितात की चर्चच्या यंदाच्या मेळ्यात आईच्या पेटीचं काही जमलं नाही, कारण तुझ्या भावाला विचारा. तर विचारते," हा दुसरा. तुझ्या अक्षरावरून मला कळलं की दुसरा प्रश्न लिहिताना तू पेन जोरात दाबलं होतंस.

पहिल्यापासून सांगतो.

उन्हाळ्यात एका रविवारी फादरांनी प्रवचनात दफनभूमीचा विषय काढला. नवीन खड्डा खणायला जावं तर जुन्या पेट्या तशाच निघतात. व्हार्निश, पत्र्याच्या मुठी, आतलं प्लास्टिकचं अस्तर. माती ते घेत नाही. "आपण मातीला माती परत देत नाही, फर्निचर देतो," असं म्हणाले. पुढं काय येतंय ते मला तिथंच कळलं. चर्चनं एकच पेटी ठेवायची. ज्याच्या घरी दुःख होईल त्यानं ती न्यायची. माणसाला नुसत्या सुती कापडात गुंडाळून पेटीतून आणायचं, कबरीपाशी पेटीची एक बाजू उघडायची, कापडासकट खाली ठेवायचं, पेटी परत. मातीवर एक रोप. आणि नव्या पेटीला लागले असते ते पैसे ज्याच्या त्याच्या ऐपतीनं मदतपेटीत. ते तुम्ही सिस्टर चालवता त्या आजाऱ्यांच्या घराला. कापडं शिवायची ती शिवणवाल्या बाई आणि त्यांच्या मैत्रिणी, जुन्या स्वच्छ चादरींची.

मिस्सा संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मिस्त्री, तुमच्या पोटावर पाय येतोय, कळतंय मला."

"पोटाचं माझं मी बघतो," मी म्हटलं. "पेटी कोण करणार?"

"शहरातल्या एकाला विचारलंय. प्लायवूडची करून देतो म्हणतोय."

"प्लायवूडची?"

बस. तेवढ्या एका शब्दावर मी गळाला लागलो. फादरांनी गळ टाकला होता की खरंच शहरात विचारलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच आठवड्यात सभा झाली. कुणीतरी विचारलं, बोलायला सगळं छान, पण पहिल्यांदा कोण जाणार त्यात? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आई उठली. काठी टेकत, सावकाश, म्हणजे सगळ्यांना वळून बघायला वेळ मिळाला.

"पहिलं नाव माझं लिहा," म्हणाली. "आणि माझ्या लेकानं माझ्यासाठी केलेली पेटी आहे घरी, ती यंदा मेळ्यात विकायला ठेवा. पैसे लेकीच्या आजाऱ्यांच्या घराच्या गळक्या छताला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, ताई. मी मागच्या बाकावर बसलो होतो, माझ्याच बाकावर. माझी सगळ्यात चांगली वस्तू माझ्या आईनं भर सभेत परत केली आणि लोक टाळ्या वाजवत होते.

ती पेटी तू पाहिलेली नाहीस. आई मागं फार आजारी पडली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हा मी ती केली. जुन्या जहाजाचं सागवान मोडीत निघालं होतं, त्यातून एकेक फळी निवडून. सगळे सांधे लाकडात लाकूड. झाकणावर काही नाही, फक्त कडेनं एक बारीक वेल, तीही बोट फिरवल्याशिवाय कळत नाही अशी. आई बरी झाली आणि पेटी तिच्या खिडकीखाली राहिली. ती त्यात गोधड्या ठेवायची. पाहुणे त्यावर बसायचे. "बसा बसा, माझ्याच जागेवर बसलाय," असं म्हणून ती त्यांना दचकवायची.

सभेहून घरी आल्यावर मी विचारलं, "पेटीत काय वाईट होतं?"

"वाईट काही नाही रे. मला आपलं गुदमरायला होईल त्यात."

"मेल्यावर?"

"मेल्यावर तर उठून सांगताही यायचं नाही. म्हणून आत्ता सांगते."

भावजय हसली. मी हसलो नाही. पुढंही आई काही म्हणाली, ते मी ऐकलं नाही, कारण मी कारखान्यात जाऊन रंधा चालवायला लागलो होतो. रंधा चालवताना बाहेरचं काही ऐकू येत नाही. कधी कधी मी त्यासाठीच चालवतो.

आता चर्चची पेटी. इथून पुढं लिहायला मला जड जातंय, म्हणून जरा लाकडाबद्दल लिहितो. हलकं आणि चिवट पाहिजे होतं, कारण ती पुन्हा पुन्हा उचलायची. दुकानात दोन फेऱ्या मारून सरळ धाग्याच्या फळ्या मिळवल्या. व्हार्निश नाही, जवसाचं तेल. एका बाजूची फळी लाकडी खुंट्यांवर, खुंट्या काढल्या की ती सबंध खाली येते. मुठींच्या जागी दोर. प्रश्न मापाचा होता. मी जन्मात कधी "कुणाचीही" पेटी केली नव्हती, प्रत्येक पेटीला माणूस होता. सगळ्यांच्या मापाची म्हणजे कुणाच्या? शेवटी आपला घंटावाला, वस्तीतला सगळ्यात उंच आणि आडवा माणूस, त्याला फळीवर झोपवून माप घेतलं. तो झोपला आणि म्हणाला, "मिस्त्री, घाई नाही ना?"

मोठ्या पेटीत लहान माणूस हलणार, हे कळायला मला वेळ लागला नाही. उपायही त्याच दिवशी सुचला होता. आतल्या दोन्ही बाजूंना खाचा पाडायच्या, त्यात डोक्याशी, पायाशी आणि खांद्यांशी अशा सरकत्या आधारफळ्या बसवायच्या. माणूस जेवढा, तेवढी जागा, बाकी बंद. मी खडूनं खाचा आखल्यासुद्धा.

मग हाताच्या पंज्यानं पुसून टाकल्या.

ताई, हे मी फादरांना सांगितलेलं नाही, भावजयीला सांगितलेलं नाही. मी पुसल्या, कारण मला वाटलं, जाऊ दे यांची पेटी अशीच. पहिल्याच वेळी आत माणूस गडगडेल, लोकांच्या अंगावर काटा येईल, आणि मग त्यांना कळेल की मिस्त्री इतकी वर्षं काय करत होता. मग येतील माझ्याकडं. पेटी बाहेरून इतकी नेटकी केली की बोट ठेवायला जागा नव्हती. फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, सगळ्यांनी हात फिरवून पाहिला. आईनं तर आत डोकावून पाहिलं. "ऐसपैस आहे," म्हणाली.

पहिलं नाव तिचं आहे हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण ती जाणार आहे हे माहीत नव्हतं. म्हणजे तिनं नाव लिहून दिलं होतं, आणि आपल्या घंटावाल्याचा शेजारी तर महिनाभर अंथरुणाला खिळला होता. मी त्याचा हिशेब धरून बसलो होतो. बघ, कसा विचार करत होतो मी. तो माणूस आता काठी न घेता फिरतो.

आई मेळ्याच्या आधी गेली. सकाळी चहा मागितला, चहा येईपर्यंत गेली. त्रास झाला नाही, हे डॉक्टरनंही सांगितलं आणि मीही सांगतो. चेहरा शांत होता. शेवटी शेवटी ती फार लहान झाली होती गं. शिवणवाल्या बाईंनी कापडाची घडी दोनदा दुमडली तरी उरलं.

तिला पेटीत ठेवलं तेव्हा डोक्याशी हातभर आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा रिकामी होती. मी घरून सालपटांच्या पिशव्या नेल्या होत्या. त्याच, नेहमीच्या. काखेत धरून उभा होतो. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "मिस्त्री, त्या कशाला? आईंनी सांगून ठेवलंय, कापडाशिवाय आत काही नको."

फादरांनी माझ्याकडं पाहिलं. "लागतील का?"

त्या क्षणी हो म्हटलं असतं तर पेटीत उणीव आहे असं मीच सांगितल्यासारखं झालं असतं. "नको," मी म्हटलं. "पुढं मी असतो. पेटी समपातळीत नेतो." आणि मला ते खरं वाटत होतं. माझ्या हातात पेटी हलणार नाही, असं.

रस्ताभर नाही हलली. मी पुढं उजवीकडं, घंटावाला डावीकडं. पावलं पुढं आणि डोकं मागं असं नेतात, तुला माहीतच आहे. चर्चच्या पायऱ्या आल्या. मी आधीच सांगून ठेवलं होतं की पायऱ्यांवर पुढच्यांनी पेटी हातावर घ्यायची, मागच्यांनी खांद्यावर ठेवायची, म्हणजे चढ मोडतो. मी खाली घेतली. घंटावाल्यानं वरच्या पायरीवर सवयीनं खांदा उचलला. त्याचा दोष नाही. पायरी आली की माणूस चढतोच.

आत ती सरकली. आधी कापडाचा आवाज आला, घसरल्याचा. मग डोकं फळीवर आपटलं.

मोठा आवाज नव्हता. आतून कुणीतरी एकदाच दार वाजवावं, तेवढाच. पण गाणारे गप्प झाले. मागून कुणीतरी "अगं आई" म्हणालं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा चढता आलं नसतं. सबंध मिस्सा मी बाजूच्या फळीकडं बघत होतो, जिच्यावर मी खडूनं रेघ मारली होती.

दफन नीट झालं. बाजू उघडली, खुंट्या सहज निघाल्या, आईला हलकेच खाली ठेवलं. फादर चांगलं बोलले. वर रोप लावलंय, ते जगलं आहे. हे सगळं तुला हवं होतं ना सविस्तर, म्हणून लिहिलं. तुझ्यापासून आवाज लपवला असता तर बाकी सगळं खरं असूनही पत्र खोटं झालं असतं.

त्यानंतर वस्तीत कुजबुज सुरू झाली. मला वाटलं होतं अगदी तशीच. बेकरीत, नळावर, चर्चच्या दारात. "त्या खोक्यात माणूस खुळखुळतो." कुणी मला काही म्हणालं नाही. उलट माझ्याकडं बघून मान खाली घालायचे, की बिचाऱ्याची आईच. माझ्याकडं येतील असं मला वाटलं होतं, तर ते आले. आधी दूधवाल्याचा मोठा भाऊ आला, म्हणाला, जमेल तेव्हा आमच्या म्हाताऱ्याचं माप घेऊन ठेवा, बोलू नका कुठं. मी जिंकलो होतो, ताई. आईच्या आपटलेल्या डोक्यानं जिंकलो होतो.

मेळा भरला. दरवर्षीसारखाच, पण गर्दी कमी. जुने कपडे, दुरुस्त केलेली भांडी, मुलांनी वाढवलेली रोपं, चादरींच्या पिशव्या. चहाला ज्यानं त्यानं आपला पेला आणायचा. एका बाजूला चर्चची पेटी ठेवली होती, तिच्याजवळ कुणी उभं राहत नव्हतं. बाया मुलांना हाताला धरून लांबून न्यायच्या. आणि मधल्या टेबलावर आईची पेटी. मीच नेली होती. आईनं सांगितलं होतं ना. तेल लावून, पुसून. ऊन पडलं की लाकूड आतून उजळायचं. लोक तिच्याभोवती गोळा झाले होते.

तू ओळखतेस त्या कंत्राटदाराला, नव्या रस्त्याचं काम ज्याच्याकडं होतं. आता मोठा माणूस झालाय. त्याची आई अंथरुणावर आहे. त्यानं झाकण उघडलं, सांध्यांवरून बोट फिरवलं, आत हात घालून जागा पाहिली. त्याला वस्तू कळते, हे मी नाकारणार नाही.

"मिस्त्री, ही मी घेतो."

मग त्यानं रक्कम सांगितली. आकडा मी शेवटी लिहितो. आत्ताच लिहिला तर तू पुढचं वाचणार नाहीस. फादरांनी हातातला पेला खाली ठेवला, एवढं सांगतो. तुझं छत, ज्याला तू पावणेतीन लाख लागतील म्हणून लिहिलं होतंस, ज्याच्याखाली तुम्ही पावसात पेशंटांच्या खाटा ढकलत फिरता, ते छत त्या टेबलावर पडलं होतं. मी फक्त मान हलवायची होती.

"घ्या की," मी म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो.

तेवढ्यात तो माझ्याजवळ सरकला, हलक्या आवाजात, आपुलकीनं म्हणाला, "तुमच्या आईंचं झालं ते झालं. माझ्या आईचं तसं डोकं आपटलेलं मला नाही चालणार. तुम्हीच सांगा, त्या खोक्यात कुणी आपलं माणूस घालेल का?" आणि त्यानं चर्चच्या पेटीकडं हनुवटी केली.

आता याला काय सांगू? की बाबा रे, खोकं वाईट नाही, खोकं करणारा वाईट आहे? मी ती पेटी विकली असती तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. ज्याची ऐपत आहे तो सागवानात जाईल, आणि नाही तो खुळखुळत जाईल. आणि माझ्याकडं पुन्हा कामं. मला हवं होतं ते सगळं, नेमकं माझ्या मापाचं.

"विकायची नाही," मी म्हटलं.

"मिस्त्री," फादर म्हणाले, "आईंची इच्छा होती..."

"आईची इच्छा मला ठाऊक आहे, फादर."

कंत्राटदाराला वाटलं मी भाव वाढवतोय. त्यानं अजून काही घातलं वर. मी झाकण लावलं आणि घंटावाल्याला म्हटलं, धर रे दुसरी बाजू. भर मेळ्यातून आम्ही रिकामी पेटी घेऊन घरी आलो. लोकांनी वाट दिली. टाळ्या नव्हत्या.

भावजय दोन दिवस बोलली नाही, मग एकदम बोलली. "तुमची मान ताठ ठेवायला ताईंचं छत लागलं का? आईंना काय वाटलं असतं?"

"आईनं माझी पेटी नाकारली," मी म्हटलं. मी, या वयात, असं लहान पोरासारखं.

ती म्हणाली, "नाकारली? तुम्ही त्या दिवशी तरातरा कारखान्यात गेलात ना, तुमच्या पाठीमागं काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, रोज सकाळी उठल्या उठल्या मी ती बघते. अशी वस्तू किड्यांना घालायला माझा जीव होत नाही. चार लोकांच्या उपयोगी पडू दे."

चार लोकांच्या उपयोगी.

मी कारखान्यात गेलो, पण रंधा चालवला नाही. मग पेटी मोडली. मोडली म्हणजे कुऱ्हाडीनं नव्हे. सांधे एकेक सोडवले, उलट्या क्रमानं, एकही फळी न फाटता. केलेली वस्तू अशी उलटी करत गेलं की ती कशी केली ते सगळं आठवतं. मग चर्चमधून त्यांची पेटी मागून आणली. आत खाचा पाडल्या, आधी जिथं आखल्या होत्या तिथंच. आईच्या पेटीच्या फळ्यांच्या आधारफळ्या केल्या. डोक्याशी, पायाशी, दोन्ही खांद्यांशी. कडा गोल केल्या, कापड अडकू नये म्हणून. मूल असो की घंटावाला असो, फळ्या सरकवल्या, खुंट्या लावल्या की माणूस आपल्या जागी. फादरांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, राहिलं होतं. त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. पुढं काही विचारलं नाही. का विचारलं नाही, यावर मी विचार करत असतो.

मागच्या आठवड्यात शिवणवाल्या बाईंचे यजमान गेले. पार वाळलेले होते, आईएवढेच. बाईंनी सगळ्या वस्तीचं ऐकूनही चर्चचीच पेटी मागितली. "मीच कापडं शिवते आणि मीच घाबरू होय?" म्हणाल्या. मी खांदा दिला नाही. पेटीच्या शेजारून चाललो, कान फळीला लागेल इतक्या जवळून. पायऱ्या चढताना घंटावाल्यानं खांदा उचललाच. तो काही शिकत नाही.

आत काहीही वाजलं नाही.

माझ्या कामाचं इतकं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं. आणि आवाज न येण्याचं कौतुक कुणाला सांगणार? लोकांना मागचा आवाज आठवतो, हा न आलेला कुणाला आठवणार? दूधवाल्यांना मी नाही म्हटलं, तर त्यांनी शहरातून पेटी आणली, चकाकत्या मुठींची. कंत्राटदारानंही मागवून ठेवली आहे. अजून एका घरात बोलणं चालू आहे. मदतपेटीत खडखडाट आहे. मी एकदा पुसलेली रेघ पुन्हा पाडली, पण ती लोकांच्या मनात पडत नाही. त्यासाठी मला उभं राहून सांगावं लागेल, की पेटी चांगली होती, मीच अपुरी ठेवली, मुद्दाम. सांगणार आहे. उद्याच्या नव्हे, त्यापुढच्या रविवारी, मिस्सा संपल्यावर. फादरांकडं वेळ मागितली आहे, कशासाठी ते सांगितलं नाही. त्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र. दुसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानावर यायला नको होतं.

तर दिवसभर मी काय करतो? बाक दुरुस्त करतो. पुढचे, डुलणारे. कुणी सांगितलं नाही, पैसेही घेत नाही.

छताचं मी येऊन बघीन. लाकूडकाम माझं, मजुरी माझी; पत्र्याचं काही करता येईल का तेही शोधतोय, पण पत्रा हातानं होत नाही, हे मला कळतं. मात्र तू बोलावलंस तरच येईन. हे सगळं वाचून नाही बोलावलंस तर तेही मला कळेल. तसं असलं तर एक ओळ लिही, नुसती "नको" एवढी, म्हणजे मी वाट बघणार नाही.

आईच्या पेटीचं झाकण उरलं आहे. आधारफळ्यांना ते लागलं नाही. कडेची वेल अजून तशीच आहे. खिडकीखाली उभं करून ठेवलंय. त्याचं काय करायचं ते तू सांग. मी ठरवायचं थांबवलं आहे.

प्रार्थनेत आईचं नाव घेशील तेव्हा माझं घेऊ नकोस. वेगळ्यानं घे, जमलं तर.

तुझा,
धाकटा

ता. क. आकडा राहिला. आईच्या पेटीचे तीन लाख, रोख, मेळ्याच्या टेबलावर मोजून. मी झाकण लावलं तेव्हा त्यावर आणखी चाळीस हजार, आणि त्याच्या घरच्यांसाठी तशाच चार पेट्यांचं काम, निम्मी रक्कम आगाऊ. मी नाही म्हणालो.